खांबांखालचं दीड मिनिट

आठ-नऊ पोरांचा ढीग गोलरेषेवर पडला होता. लाल जर्सीवाले वर, निळे खाली, मधे कुठंतरी चेंडू. फेब्रुवारीतला रविवार, वेल्समधल्या कार्डिफच्या बाहेरच्या अंगाचं एक मैदान. मैदान कसलं, चिखलणी केलेलं भाताचं खाचरच ते. मी गुडघा टेकून, मान वाकडी करून त्या ढिगात डोकावले. एक हात दिसला. हाताखाली चेंडूची पांढरी कड, आणि त्या कडेखाली काहीतरी काळं. काळं म्हणजे माती, असं माझ्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं. हात वर, लांब शिट्टी. ट्राय.

रग्बी न पाहिलेल्यांसाठी सांगते. ट्राय म्हणजे चेंडू नुसता रेषेपार नेणं नव्हे, तो जमिनीला टेकवावा लागतो. खालच्या पोरानं चेंडूखाली हात, मांडी, पोट काहीही घातलं आणि चेंडू बोटभर जरी अधांतरी राहिला तरी ट्राय नाही. पाच गुण त्या बोटभर अंतरावर. शिवाय ट्राय मिळाली की खांबांमधून चेंडू मारून आणखी दोन गुण कमवायची संधी मिळते, तिला कन्व्हर्जन म्हणतात. मी शिट्टी वाजवली तेव्हा निळे १०-५ असे पुढे होते आणि वेळ थोडाच उरला होता.

"मिस! टेकलाच नाही! मिस! खाली हात होता!"

सगळे एकदम. चिखलानं माखलेली तेरा-चौदा वर्षांची पोरं, आवाज फुटायच्या वयातली, त्यामुळे निम्मे आवाज जाडे आणि निम्मे किरटे. मी कोल्हापूरची आहे. बोलताना अजूनही 'मी गेलतो', 'मी जेवलो' असंच तोंडात येतं, लिहिताना तेवढं 'गेले', 'जेवले' करते. आमच्याकडे गोल झाल्यावर काय होतं ते लहानपणी आण्णांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं. त्यामुळे माझे पाय आपोआप मागे सरकायला लागले होते.

पण रग्बीतल्या रेफरीला मागे सरकावंच लागतं, आणि ते भीतीनं नव्हे. कन्व्हर्जनची किक जिथं चेंडू टेकवला त्या जागेच्या सरळ रेषेत, पण मागे, मैदानात येऊन मारायची असते. किक मारणारा वीस-तीस मीटर मागे चालत जातो, रेफरी त्याच्याबरोबर जातो. आणि ज्यांच्यावर ट्राय झाली त्या संघानं आपल्या गोलरेषेमागे जाऊन थांबायचं असतं. किक मारणारा चेंडूकडे निघाला की मगच त्यांना धावून यायची मुभा. तोवर ते तिथं, खांबांखाली, आणि रेफरी इथं. मधे नुसता चिखल. वाद घालायचाच तर रेषा ओलांडून यावं लागणार, आणि सगळ्या मैदानानं बघत असताना एकट्यानं तेवढं अंतर चालत येणं वाटतं तितकं सोपं नसतं.

हे कुणी मुद्दाम आखलं असं मी म्हणत नाही. मुळात एकोणिसाव्या शतकात ट्रायला स्वतःचे गुणच नव्हते. चेंडू टेकवला की गोल करायचा 'प्रयत्न' करण्याचा हक्क मिळे, म्हणून तर नाव ट्राय. पुढे ट्रायचे गुण वाढत गेले, तीन, मग १९७१ पासून चार, १९९२ पासून पाच, आणि तो मूळचा प्रयत्न शेपटासारखा मागे राहिला. त्या शेपटाला नियमानं दीड मिनिट मिळतं. वरच्या पातळीवरच्या काही स्पर्धांत अलीकडे ते एका मिनिटावर आलंय. टीव्हीवर आपण ते चहा टाकायला वापरतो. पण ट्राय देण्यात चूक झाली असो वा नसो, ती सोसायला खेळानं ठेवलेली जागा हीच, असं मला शिट्टी हातात घेतल्यापासून वाटायला लागलंय.

शिट्टी हातात आली तीही अपघातानंच. मुलगा खेळतो, दर रविवारी बाजूच्या रेषेवर थंडीत कुडकुडत उभं राहायचं, आणि एके दिवशी क्लबचं कुणीतरी म्हणालं, रेफरी मिळत नाहीत हो, तुम्ही एका दिवसाचा कोर्स करता का. मला वाटलं, नाहीतरी उभंच राहायचं, मग धावून अंग तरी गरम होईल. आण्णांना फोनवर सांगितलं तर ते पहिल्यांदा नुसते हसले. मग म्हणाले, "पंच? तू? शिव्या खायाची तयारी ठेव म्हंजे झालं."

शिव्या मिळाल्या नाहीत, संबोधन मिळालं. मोठ्यांच्या रग्बीत रेफरीला 'सर' म्हणायची पद्धत आहे. एकशे दहा किलोचा, कान फुटून फुलकोबी झालेला गडी जेव्हा खाली मान घालून 'येस सर' म्हणतो तेव्हा मला हटकून आमचे गणिताचे सर आणि त्यांच्यापुढे फळ्याशी उभा असलेला वर्ग आठवतो. इथली पोरं शाळेत बाईंना मिस म्हणतात, म्हणून मी मिस. पहिल्या सामन्यात एकजण 'सर' म्हणाला, मग 'सॉरी, मिस' म्हणाला, मग 'सॉरी, रेफ', आणि शेवटी काय विचारायचं होतं तेच विसरला.

रेफरीशी बोलायचा हक्क, खरं म्हणजे, फक्त कर्णधाराचा. नियमाची भाषा कडक आहे. खेळाडूंनी रेफरीच्या अधिकाराचा मान राखायचा, त्याच्या निर्णयावर वाद घालायचा नाही. घातला तर पेनल्टी, म्हणजे त्या जागेवरून चेंडू समोरच्या संघाला. आधीच पेनल्टी दिलेली असेल तर तीच दहा मीटर पुढे. आणखी बोललात तर दहा मिनिटं बाहेर. ट्राय झाल्यावर बोललात तर? चेंडू तेव्हा खेळात नसतो, म्हणून शिक्षा जिथून खेळ पुन्हा सुरू व्हायचा तिथं लागू होते. म्हणजे कन्व्हर्जन होतंच, आणि नंतर मध्यरेषेवर ज्या ठिकाणी आरंभाची किक व्हायची तिथं समोरच्या संघाला पेनल्टी. ट्राय गेली, दोन गुण गेले, वर चेंडूही त्यांचाच. तोंडाची किंमत मीटरमध्ये मोजणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही.

कार्डिफमध्ये राहून हे सगळं शिकायला मिळालं हा एक मजेशीर योग आहे, कारण वादग्रस्त ट्रायचं हे गावच आहे. टॅफ नदीकाठी आर्म्स पार्कच्या आवारात आजचं प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम उभं आहे. १६ डिसेंबर १९०५ ला याच आवारात वेल्स आणि न्यूझीलंड खेळले. न्यूझीलंडचा तो पहिला मोठा दौरा आणि तोवर एकही सामना हरलेले नाहीत. वेल्सची एक ट्राय, टेडी मॉर्गनची, तेव्हाचे तीन गुण. उत्तरार्धात न्यूझीलंडचा बॉब डीन्स रेषेकडे झेपावला. त्याचं म्हणणं, मी चेंडू रेषेपलीकडे टेकवला आणि मग मला मागे ओढलं. रेफरी होते स्कॉटलंडचे जॉन डॅलस, वय २७, अंगात रोजचे रस्त्यावरचे कपडे. ते धावत मागून येऊन पोचले तोवर ढीग रेषेच्या अलीकडे होता. ट्राय नाही. ३-०.

डीन्स मैदानावर काय बोलला त्यापेक्षा नंतर त्यानं काय केलं हे मला भारी वाटतं. त्यानं डेली मेल या वर्तमानपत्राला तार केली. चेंडू रेषेपलीकडे सहा इंच टेकवला होता, वेल्सचे काही खेळाडूही मान्य करतात, रेफरी येण्याआधी मला मागे ओढलं. तारेला शब्दागणिक पैसे पडायच्या काळातली तक्रार, म्हणून नेमकी. तीन वर्षांनी, अवघ्या चोविसाव्या वर्षी डीन्स वारला. तक्रार मात्र मेली नाही. आजही कुणी न्यूझीलंडचा पाहुणा या गावात आला आणि पबमध्ये दोन ग्लास रिचवले की सहा इंच निघतातच. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधावरून चालतं तसंच हे, फक्त बांध सहा इंचांचा.

मग ६ ऑक्टोबर २००७. त्याच जागेवर, आता छत असलेल्या स्टेडियममध्ये, विश्वचषकाची उपउपांत्य फेरी, फ्रान्स विरुद्ध न्यूझीलंड. रेफरी इंग्लंडचे वेन बार्न्स, वय २८, पहिलाच विश्वचषक. फ्रान्सच्या यानिक जोझिओंच्या ट्रायआधी मिशलाककडे आलेला पास स्पष्ट पुढे गेला होता. रग्बीत हातानं चेंडू पुढे फेकता येत नाही, हा या खेळाचा अगदी पहिलीतला नियम. बार्न्सना दिसला नाही. फ्रान्स २०, न्यूझीलंड १८. न्यूझीलंडमध्ये त्यांच्या नावानं अक्षरशः शिमगा झाला. त्याच बार्न्सनी एकूण १११ कसोट्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, केल्या आणि शेवटचा सामना म्हणून २०२३ चा विश्वचषक अंतिम सामना. समोर पुन्हा न्यूझीलंडच, आणि या वेळी तर एकाच गुणाचा फरक.

पण मला ज्यानं खरं काही शिकवलं तो सामना २७ फेब्रुवारी २०२१ चा. वेल्स विरुद्ध इंग्लंड. कोविडमुळे स्टेडियम रिकामं. आम्ही घरात बसून टीव्हीवर पाहत होतो, खिडकी उघडली असती तर स्टेडियमचे मनोरे दिसले असते. पंचाहत्तर हजारांच्या जागी कुणीच नाही, म्हणून मैदानावरचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. रग्बीत रेफरीला माईक लावलेला असतोच, त्यात ही शांतता.

फ्रेंच रेफरी पास्काल गोझेर यांनी इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेलला बोलावलं. तुमच्या चुका फार होताहेत, पोरांना समज द्या. फॅरेल आज्ञाधारकपणे गेला, पोरांना गोळा केलं, पाठमोरा उभा राहून समज देऊ लागला. पाणी देणारे अजून मैदानात. तेवढ्यात रेफरींनी वेळ सुरू केली. वेल्सच्या डॅन बिगरनं क्षणाचाही विलंब न लावता मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उंच किक मारली, आणि तिथं जवळपास एकट्या असलेल्या जॉश ॲडम्सनं चेंडू झेलून ट्राय केली.

म्हणजे रेफरीनं ज्या कामाला धाडलं ते करत असतानाच गडी मारला गेला! फॅरेल रेफरीकडे आला. आवाज चढलेला, पण भाषा सुटलेली नाही. आम्हाला पुन्हा उभं राहायला वेळ तरी द्यायचा होता, हे त्याचं म्हणणं, दोनतीनदा, वेगवेगळ्या शब्दांत. गोझेरनी त्याला हाकललं नाही, पेनल्टीही दिली नाही. ऐकलं. पण निर्णय हलला नाही. आणि मग किकची वेळ झाली आणि फॅरेल वळून खांबांकडे चालत गेला. ते वळणं मी नंतर बऱ्याच वेळा पाहिलं. फॅरेल काही साधू माणूस नव्हे, हे रग्बी पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण त्याच्यापाशी बोलण्याचा हक्क होता, तो त्यानं वापरला, आणि वेळ संपल्यावर तो हक्क खाली ठेवला.

थोड्या वेळानं लियाम विल्यम्सची ट्राय. त्याआधी रीस-झॅमिटच्या हातून चेंडू पुढे सांडला असं इंग्लंडचं आणि अर्ध्या दुनियेचं मत. व्हिडिओ पाहून पंचांनी ठरवलं, पुढे गेलेला नाही. स्वतः रीस-झॅमिटही चकित दिसत होता. वेल्स ४०-२४ जिंकलं. आमच्या गल्लीत लोक दारात येऊन भांडी वाजवत होते आणि मी मात्र फॅरेलचा विचार करत बसले होते, हे इथं कुणाला सांगायची सोय नाही. काही दिवसांनी जागतिक रग्बीच्या पंचांचे प्रमुख जोएल जुत्ज यांनी सांगितलं की गोझेरनी त्या दोन प्रसंगांत चुकल्याचं मान्य केलंय. गुण अर्थातच फिरले नाहीत.

इथं आण्णा मधे पडले असते तर म्हणाले असते, मग तुमचा तो मान काय चाटायचा?

त्यांना तसं म्हणायचा अधिकार आहे. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. गोल वादग्रस्त झाला की अकराच्या अकरा पंचाभोवती, मग राखीव, मग ज्यांचा सामन्याशी संबंध एवढाच की ते त्या पेठेत राहतात असे इसम. मी सात-आठ वर्षांची असताना एका पंचांना असं मधोमध उभं पाहिलं होतं. शिट्टी तोंडात होती पण वाजत नव्हती. सगळे बोलत होते म्हणून कुणाचंच ऐकू येत नव्हतं. त्यांनी गोल ठेवला की काढला ते मला आठवत नाही. त्यांच्या शर्टाची एक गुंडी तुटून लोंबत होती, ते आठवतं.

फुटबॉलनं रग्बीची नक्कल करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. २००० च्या सुमारास वाद घातला की फ्री किक दहा यार्ड पुढे न्यायचा प्रयोग झाला, २००५ पर्यंत गुंडाळला गेला. माझ्या मते तो फसायचाच होता, कारण फुटबॉलमध्ये फ्री किक फार जवळ आली की भिंतीवरून चेंडू काढणं उलट अवघड होतं. शिक्षा ज्याला बक्षीस वाटेल अशी शिक्षा कोण मनावर घेईल? २०२४ च्या युरो स्पर्धेत मात्र फक्त कर्णधारानंच रेफरीकडे जायचं असं ठरवलं, आणि ते बऱ्यापैकी जमलं. मीटर उचलून चालणार नव्हतं, तोंड एक करायचं होतं.

आणि क्रिकेटवाल्यांनी नाक वर करू नये. १९८१ चं मेलबर्न आठवा. गावसकर सत्तरवर पायचीत, पंच रेक्स व्हाइटहेड. बॅटला लागलं होतं म्हणत, ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या तोंडच्या शब्दांनी पेटलेले आपले सनीभाऊ चेतन चौहानला घेऊनच निघाले. सीमारेषेवर व्यवस्थापक दुराणींनी चौहानना अडवलं नसतं तर भारतानं तो सामना सोडून दिल्यासारखा झाला असता, आणि मग तो आपण जिंकलोही नसतो. आमच्या घरी या विषयावर आजही दोन तट आहेत. आण्णा गावसकरांच्या बाजूनं. मीही होते, शिट्टी हातात येईपर्यंत.

रेफरींच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार कार्ड नसून आवाज आहे, हे कोर्समध्ये सांगितलं होतं, पण त्याचा अर्थ नायजेल ओवेन्सना ऐकून कळतो. इथलेच, कार्मार्थनशायरमधले, वेल्श मातृभाषेचे. २०१५ चा विश्वचषक अंतिम सामना त्यांनी केला, कसोट्यांचं शतक गाठणारे पहिले रेफरी तेच. २०१२ मध्ये इटलीच्या ट्रेव्हिसो संघाचा टोबियास बोटेस सारखा ओरडून काही ना काही मागत होता. ओवेन्सनी खेळ थांबवला, त्याला कर्णधारासह बोलावलं आणि जणू ओळख करून द्यावी तसं म्हणाले, आपण आधी भेटलो नाही वाटतं, इथला रेफरी मी आहे, तुम्ही नाही. तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो. पुन्हा ओरडलात तर शिक्षा देईन. आणि शेवटी, हा फुटबॉल नव्हे. हे सगळं इतक्या संथ सुरात की पोराला पाया पडावंसं वाटलं असेल. त्या सुरात अपमान नाही, आणि पळवाटही नाही. मी आरशासमोर उभं राहून तो सूर काढायचा प्रयत्न केला. कोल्हापुरी कंठातून तो निघत नाही. माझं 'मी ऐकलं, आता पुरे' हे 'गप बस की लेका' सारखंच ऐकू येतं.

या सौजन्याला दात आहेत हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर चित्र गोडगोड होईल. २०१३ च्या इंग्लिश प्रीमियरशिपचा अंतिम सामना, ट्विकेनहॅम. नॉर्थॅम्प्टनचा कर्णधार डिलन हार्टली. वेन बार्न्सनी त्याला एकदा तोंड सांभाळायला सांगितलं होतं. मध्यंतराच्या उंबरठ्यावर त्याच्या तोंडून शिवीसकट 'लबाड' असा शब्द गेला. हार्टलीचं म्हणणं, मी ते समोरच्या खेळाडूला म्हणालो. बार्न्सचं म्हणणं, मला म्हणालास. लाल कार्ड, मग अकरा आठवड्यांची बंदी, आणि लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघाच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरचं नाव कापलं गेलं. असा दौरा खेळाडूच्या नशिबी आला तर चार वर्षांतून एकदा येतो. हार्टली खरं बोलत होता का? बार्न्स पेशानं वकील, पण त्या क्षणी साक्षीदार, फिर्यादी आणि न्यायाधीश तेच होते. मला हार्टलीची दया येते. आणि त्याऐवजी बार्न्सनी न ऐकल्यासारखं केलं असतं तर पुढच्या रविवारी माझ्यासारखीच्या मैदानावर काय झालं असतं, तेही डोळ्यासमोर येतं.

मैदानावर दाबलेलं सगळं विरून जातं असंही नाही. ते बाहेर फुटतं. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे रासी इरास्मस यांनी रेफरी निक बेरींच्या चुका मोजणारा तासाभराहून लांब व्हिडिओ केला, तो बाहेर आला, त्यांच्यावर बंदी आली. २०२३ च्या अंतिम सामन्यात व्हिडिओ पंच असलेले टॉम फोली यांना इतका छळ सोसावा लागला की काही आठवड्यांतच त्यांनी आंतरराष्ट्रीय सामन्यांतून अंग काढून घेतलं. खेळाडू 'येस सर' म्हणून वळले, आणि लाखो लोकांनी फोन उचलला. खांबांखाली उभं राहायचा नियम त्यांना लागू नाही.

तर आमचं मैदान. मी किक मारणाऱ्या पोराबरोबर मागे आले होते. निळे रेषेमागे. त्यांचा कर्णधार, आठ नंबरचा, अंगानं थोराड, शांत पोरगा, ढिगातून सर्वांत शेवटी उठला आणि माझ्याकडे धावत आला. पुढं येऊन थांबला, श्वास घेतला.

"मिस, विचारू का? तुम्ही चेंडू जमिनीवर पाहिला?"

इतका नेमका प्रश्न वकिलालाही सुचणार नाही. मी म्हणाले, "मला जे दिसलं त्यावरून मी ट्राय दिली." खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं. त्यानं माझ्याकडे एक क्षण पाहिलं, 'ओके, मिस' म्हणाला आणि परत पळाला.

मागं त्यांचा नऊ नंबर काही थांबायला तयार नव्हता. नऊ नंबरची पोरं सगळ्या गावांत सारखीच, चणीनं लहान आणि जिभेनं मोठी. 'काय फालतूपणा आहे', 'डोळे उघडा', चढत्या आवाजात, आयांना ऐकू जाईल असं. एकदा मी न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा कर्णधाराला हात केला, त्यानं जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिसऱ्यांदा मी शिट्टी वाजवली. लालवाल्या पोरानं कन्व्हर्जन मारलं, त्या चिखलात, कसं मारलं देव जाणे, १२-१०. आणि मग मध्यरेषेवर जाऊन मी लालवाल्यांना पेनल्टी दिली.

तिथून त्यांनी चेंडू बाजूला मारला, पुढं काही घडलं नाही, सामना १२-१० च संपला. माझ्या पेनल्टीनं कुणाचं काही गेलं नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढू शकले असते. पण रात्री झोप येईना तेव्हा मनात आलं ते हे, की नऊ नंबर फक्त आवाजाच्या बाबतीत चुकला होता. जे म्हणत होता ते कदाचित बरोबर होतं. बरोबर असण्याची शिक्षा त्याला मी दिली, आणि ती देताना माझा हात जरा जास्तच सरळ वर गेला होता, कारण आतून मला खात्री नव्हती. खात्री असती तर तिसऱ्यांदाही कदाचित नुसतं हसून सोडलं असतं.

सामन्यानंतर इथं दोन रांगा करून एकमेकांना टाळ्या वाजवतात, रेफरीशी हात मिळवतात. नऊ नंबरनं हात मिळवला, डोळे जमिनीवर. शेवटी आठ नंबर आला. हात मिळवून झाल्यावर तो गेला नाही. जर्सीखाली त्यानं थंडीसाठी काळा बनियन घातला होता, पूर्ण बाह्यांचा. उजवा हात माझ्यासमोर आडवा धरला. मनगटापासून कोपरापर्यंत सगळी बाही चिखलानं माखलेली, फक्त मधे एक लांबट जागा स्वच्छ काळी.

"इथं होता, मिस," तो म्हणाला. आणि हॉट डॉग संपायच्या आत क्लबहाऊसकडे पळाला.

आण्णांना फोन केला तेव्हा कोल्हापुरात मध्यरात्र होत आलेली, पण ते जागे होते. सगळं सांगितलं.

"मंजे गोल न्हवता."

"न्हवता, आण्णा."

"आनि तुला मारलं बिरलं न्हाई कुनी?"

"न्हाई. एकानं येऊन बाही दाखवली."

"बाही?"

"बाही."

बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"त्या पोराला घिऊन ये एकदा हिकडं," ते म्हणाले. "तांबडा-पांढरा घालू त्याला."